हळदीकुंकवाची यादी

‘मृण्मयी रिसबूड.’

बंदराच्या फाटकात टेबल टाकून बसलेल्या अधिकाऱ्यानं यादीतलं नाव वाचलं आणि माझी बायको उठून पुढे गेली. त्यानं तिचा पासपोर्ट उघडला. फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा यादी पाहिली. मग पासपोर्ट मिटून तिच्या हातात दिला आणि मला म्हणाला, ‘ही नाही.’

मला कामापुरती अरबी येत होती. म्हणजे पिठात पाणी जास्त झालंय, भट्टी थंड आहे, उद्या सुट्टी आहे का, एवढं मी बोलू शकत असे. ‘ही नाही’ कळायला तेवढी पुरली. मी म्हणालो, हीच. तो म्हणाला, फोटो हिचा आहे, पण यादीत मृण्मयी लिहिलंय आणि पासपोर्टात द्वारका आहे. मृण्मयी कुठे आहे?

मी म्हणालो, हीच मृण्मयी.

‘मग द्वारका कुठे आहे?’

२०१५ सालच्या एप्रिलातली ही गोष्ट. येमेनमधल्या होदेदा नावाच्या बंदराच्या गावी आमची बिस्किटांची फॅक्टरी होती. आमची म्हणजे मालक तिथला, भट्ट्या इटलीच्या, आणि बिस्किटं करपली तर जबाबदार आम्ही. तिथं तेरा मराठी कुटुंबं होती, आणि तेरा मराठी कुटुंबं परदेशात एका गावात राहिली की जे होतं ते झालेलं होतं, म्हणजे महाराष्ट्र मंडळ. खरेदी विभागाचे प्रमुख जगदाळेसाहेब अकरा वर्षं बिनविरोध अध्यक्ष. मी चिटणीस. मीही बिनविरोधच, कारण चिटणिसाला काम असतं.

मार्च संपता संपता लढाई सुरू झाली. विमानं यायला लागली, बंदराच्या अंगाला धूर दिसायला लागला, भट्ट्या विझल्या. एका सकाळी आमच्या वकिलातीतून फोन आला. नौदलाचं जहाज येतंय, तासाभरात माणसांची यादी पाठवा, पासपोर्टावर आहेत तशीच नावं लिहा. आता सगळ्यांचे पासपोर्ट होते कंपनीच्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली मॅनेजरच्या खिशात आणि मॅनेजर स्वतःच्या गावी. तो म्हणाला, पासपोर्टांची पिशवी ड्रायव्हरबरोबर थेट बंदरावर पाठवतो.

पण माझ्याकडे यादी तयार होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं दर वर्षी मीच छापायचो. त्या यादीत तेराही वहिनींची नावं होती, एकीच्याही नावात काना-मात्रेची चूक नव्हती. मी ती उचलली, शेजारी नवऱ्यांची नावं जोडली आणि वीस मिनिटांत पाठवून दिली. जगदाळेसाहेबांनी फोनवर माझ्या तत्परतेचं कौतुक केलं. त्या सबंध प्रकरणात माझं झालेलं ते पहिलं आणि शेवटचं कौतुक.

आता आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतात, तसं पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यात नवीन नाव लिहायचं आणि पाहुण्यांनी मान वाकडी करून ते वाचायचं. मृण्मयी हे नाव मी कॉलेजात असतानाच ठरवून ठेवलं होतं. कोणासाठी, ते तेव्हा नक्की नव्हतं. पुढे राजापूरच्या विष्णू लेल्यांची द्वारका मला सांगून आली, पणजीचं नाव लावून आलेली मुलगी, आणि तांदूळ परत डब्यात जायच्या आत तिची मृण्मयी झाली. सरकारदरबारी बदल करायचा तेवढा राहून गेला. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला. त्यात ती द्वारका विष्णू लेले होती, आणि नवऱ्याच्या रकान्यात मी होतो.

हे सगळं अरबीत सांगायचं होतं. माझ्या अरबीत तांदूळ होते, अंगठी नव्हती.

त्या अधिकाऱ्याचं नाव नासिर. साठीचा, शांत माणूस. त्यानं आम्हा दोघांना बाजूला उभं केलं आणि पुढचं नाव वाचलं. ‘राजलक्ष्मी जगदाळे.’ जगदाळेवहिनी उठल्या. पासपोर्टात चंपाबाई. त्या बाजूला. ‘प्रीती तांडेल.’ पासपोर्टात जनाबाई. बाजूला. असं करत तेरापैकी नऊ बायका बाजूला झाल्या. उरलेल्या चौघींपैकी दोघींच्या सासरी ही पद्धत नव्हती, एकीचा प्रेमविवाह होता आणि चौथीच्या नवऱ्याला ऐन वेळी नाव सुचलं नव्हतं. त्या वेळी त्या माणसाला घरचे सगळे हसले असणार. आता तो बायकोचा हात धरून सरळ जहाजावर चढला.

नासिरनं यादीवर नऊ खुणा केल्या आणि आम्हा नऊ पुरुषांकडे बराच वेळ पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर हिशेब स्पष्ट होता. या नऊ जणांना दोन-दोन बायका आहेत. त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं. त्याला एवढंच कळत नव्हतं, की लढाईतून पळून जाताना नऊच्या नऊ जणांनी यादीत एकीचं नाव घालून बरोबर दुसरीला कसं आणलं.

‘त्या घरी आहेत का?’ त्यानं मला हळू आवाजात विचारलं. ‘घेऊन ये. मी थांबतो.’

मी म्हणालो, घरी कोणी नाही. त्यानं सुस्कारा सोडला.

वकिलातीतर्फे कुरियन नावाचा एक तरुण अधिकारी बंदरावर आला होता. केरळचा. तीन दिवस त्याला झोप नव्हती, दाढी वाढली होती आणि शर्टाच्या खिशात चार पेनं होती. त्याला मी हिंदीत सगळं समजावलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपला.

‘आडनाव बदललं, हे समजलं,’ तो म्हणाला. ‘पहिलंही?’

‘पहिलंही.’

‘त्यांना विचारून?’

जगदाळेसाहेब म्हणाले, ती आमची परंपरा आहे. कुरियन म्हणाला, ठीक आहे, पण यादी आता वर गेली आहे. तिच्यावर इथल्या सरकारचा शिक्का बसलाय, आणि ज्यांची विमानं वर फिरताहेत त्यांनाही ती दिलेली आहे. तिच्यात नावं बदलायची म्हणजे पुन्हा राजधानीला फोन, आणि फोन सकाळपासून लागत नाहीत. करता येईल ते एवढंच, की यादीतली मृण्मयी आणि पासपोर्टातली द्वारका ही एकच बाई आहे, असं प्रमाणपत्र तो स्वतः लिहील, सही-शिक्का मारील आणि नासिर ते मानील. द्वारका तुमची बायको आहे हे पासपोर्टात दिसतंय. मृण्मयी आहे कशावरून? हे नाव कुठल्या कागदावर आहे का?

आम्ही नऊ जण विचारात पडलो. रेशनकार्ड नाही. बँक नाही. लग्नपत्रिकेवर द्वारकाच होतं, कारण पत्रिका आधी छापतात.

‘तांदळात लिहिलं होतं,’ तांडेल म्हणाला. हा आमचा भट्टीवरचा फिटर, अलिबागकडचा.

कुरियननं खिशातलं एक पेन काढलं. ‘ते तांदूळ आता कुठे असतील?’ तो इतका थकला होता, की हे त्यानं खरोखर विचारलं की टोमणा मारला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सव्वा वाजला होता. जहाजाला धक्क्याला थांबायची परवानगी तीनपर्यंत होती. पुढचं जहाज कधी, असं मी विचारलं, तर कुरियननं समुद्राकडे पाहिलं. त्यानं एवढंच सांगितलं, की आम्हा पुरुषांच्या कागदात काही खोट नाही, आम्ही कधीही चढू शकतो. हे सांगताना तो आमच्याकडे बघत नव्हता. मग म्हणाला, साक्षीदार द्या. प्रत्येक बाईसाठी दोन, नातेवाईक चालणार नाहीत, नवरा तर नाहीच. एकेकाला बाजूला घेऊन मी विचारीन. बाईकडे बघून तिची दोन्ही नावं सांगितली, की मी सही करतो.

हे अगदीच सोपं होतं. होदेदात आम्ही एकमेकांच्या घरी दर आठवड्याला जेवत होतो. जगदाळेसाहेबांनी तेवढ्यात, मंडळाच्या लेटरहेडवर तसा ठराव करू, मी सूचक, रिसबूड अनुमोदक, असंही सुचवून पाहिलं. कुरियननं ते ऐकलंच नाही.

माझ्या बायकोसाठी पहिले साक्षीदार म्हणून जगदाळेसाहेबच गेले. ताडपत्रीच्या सावलीत कुरियनसमोर ताठ बसले. मृण्मयीवहिनी, ते म्हणाले, अत्यंत सुगरण, राजापूरच्या, मंडळाच्या कार्यक्रमांत नेहमी पुढे. पासपोर्टातलं नाव? साहेबांनी घसा साफ केला. मग म्हणाले, ते सांगणं औचित्याला धरून होणार नाही. म्हणजे माहीत नव्हतं. मगाशी फाटकात नासिर ते मोठ्यानं म्हणाला होता, पण तेव्हा साहेब आपल्या बॅगा मोजत होते.

मग तांडेल गेला. तो म्हणाला, आम्ही वहिनीच म्हणतो. नाव कशाला घेऊ?

मग जगदाळेवहिनींसाठी मी गेलो. अकरा वर्षं मी त्यांना आमंत्रण छापून देत होतो, सौ. राजलक्ष्मी जगदाळे आणि पुढे सप्रेम नमस्कार. त्यांच्या हातचं पिठलं मी आजारपणात आठ दिवस खाल्लं होतं. दुसरं नाव मी फाटकात ऐकलंही होतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात द्वारका कुठे आहे हाच प्रश्न फिरत होता. मी आकाशाकडे बघितलं. कुरियननं कागदावर फुली मारली.

पावणेदोनपर्यंत नऊ पुरुष एकमेकांच्या बायकांसाठी साक्ष देऊन आले आणि नऊच्या नऊ नापास झाले. दूर कुठंतरी दोन धमाके झाले. धक्क्यावर एक खलाशी दोर तपासत होता.

मी बायकोकडे गेलो. नऊजणी भिंतीच्या सावलीत आपापल्या बॅगांवर बसल्या होत्या आणि काहीतरी बोलून हसत होत्या. मला बघून थांबल्या. मी बायकोला बाजूला घेतलं आणि जे होतं ते सांगितलं. यादी मी पाठवली होती हेही सांगितलं. ते तिला माहीत होतं, तरी सांगितलं.

‘तुम्हाला चढता येतंय?’ तिनं विचारलं.

‘हो.’

‘चढणार आहात?’

‘नाही.’

‘मग उन्हात कशाला उभे राहताय,’ ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, ‘त्या पोराला म्हणावं, आम्हाला विचार.’

हे अर्ध्या तासात आमच्यापैकी कोणालाही सुचलं नव्हतं. साक्षीदार म्हटल्यावर नऊ पुरुष रांगेत उभे राहिले होते आणि कुरियननंही, बिचाऱ्यानं, जे समोर आले त्यांनाच विचारलं होतं. जगदाळेसाहेबांना ही कल्पना फारशी पसंत पडली नाही. बायका घाबरतील, असं त्यांचं म्हणणं. जगदाळेवहिनी तोवर पदर खोचून कुरियनसमोर जाऊन बसल्या होत्या.

वहिनींना हिंदी जेमतेम. मी दुभाषा झालो. कुरियननं मला बजावलं, की शब्दाला शब्द सांगायचा, आपल्या पदरचं घालायचं नाही, आणि बाईंना खूण केलीस तर साक्ष रद्द. मग त्यानं माझ्या बायकोकडे बोट केलं आणि विचारलं, ही कोण?

‘ही द्वारका,’ वहिनी म्हणाल्या. ‘विष्णू लेल्यांची. राजापूरची. तीन भावांवर झालेली एकुलती.’

मी सांगितलं.

‘तिचा मोठा भाऊ पोस्टात होता, तो वारला, त्याच्या नावानं ही दर गुरुवारी एक वेळ जेवते.’

मी सांगितलं. गुरुवारचं जेवण हिला पित्तामुळे जात नाही, अशी माझी समजूत होती.

‘शाळेत लांब उडीत जिल्ह्यात दुसरी आली होती. पहिली आली असती, पण आजीनं परकर आखूड करू दिला नाही.’

मी कुरियनकडे बघून सांगितलं. सांगताना मी जरा अडखळलो असणार, कारण त्यानं विचारलं, बाई असंच म्हणाल्या ना? मी म्हणालो, असंच म्हणाल्या. त्यानं विचारलं, हे खरं आहे? मी म्हणालो, दुभाष्यानं आपल्या पदरचं घालायचं नाही असं ठरलंय.

कुरियनला वहिनींना विचारायचं होतं, की तुम्हाला हिचं हे नाव कसं काय माहीत. वहिनींना प्रश्नच कळला नाही. माझ्या तोंडाकडे बघत त्या म्हणाल्या, ‘म्हणजे काय भावजी? आम्ही तेच म्हणतो की. हळदीकुंकवाला तुम्ही लोक बाहेर गेलात, दार लावलं, की ही द्वारका, ती जनी, मी चंपा. दहा वर्षं झाली. तुमची नावं दार उघडल्यावर.’

हेही मी शब्दाला शब्द सांगितलं. जगदाळेसाहेब ताडपत्रीच्या कडेला उभे होते. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

कुरियननं पेनाचं टोपण काढलं. ‘आता दुसरं नाव,’ तो म्हणाला. ‘यादीतलं.’

वहिनींनी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या बायकोकडे पाहिलं. ती समोरच उभी होती, आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती. ‘म वरून आहे,’ वहिनी म्हणाल्या. ‘मधुरा? नाही, मंजिरी. अगं बाई. आमंत्रणावर असतं की हो, पण ते वाचतं कोण? आपलंच घर, आपणच जायचं.’

मी हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिलो. त्या तीन अक्षरांसाठी मी आयुष्यात इतकी कळ सोसली नव्हती. अडीच वाजायला आले होते. वहिनींनी बरीच नावं घेतली, चांगली चांगली घेतली, माझं आलं नाही. जनी तांडेलला बोलावलं. तिनं द्वारका एका दमात सांगितलं, लेले सांगितलं, आणि पुढे म्हणाली, सासरचं काहीतरी अवघड आहे, मातीबितीचं.

कुरियननं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, झालं. त्यानं दोन्ही तळव्यांनी चेहरा चोळला आणि पुरुषांच्या घोळक्याकडे पाहिलं, मग बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘एका नावाचे साक्षीदार इकडे आहेत. दुसऱ्याचे तिकडे.’

‘हो.’

‘दोन साक्षीदार पाहिजेत असं मी म्हणालो होतो. प्रत्येकाला दोन्ही नावं माहीत पाहिजेत, असं कुठल्या नियमात आहे ते मला आठवत नाही,’ तो म्हणाला, आणि पेन परत उचललं.

मग कामाला वेग आला. एक बाई आणि एक पुरुष असे जोडीनं समोर यायचे. बाई म्हणायची द्वारका, पुरुष म्हणायचा मृण्मयी. बाई म्हणायची चंपा, मी म्हणायचो राजलक्ष्मी. दोघं एकाच बाईकडे बोट दाखवायचे आणि कुरियन सही करायचा. एका पेनाची शाई संपली, दुसरं पेन आलं. एका जोडीत बाईनं सांगितलेलं नाव ऐकून तिथंच उभा असलेला त्या बाईचा नवरा, अच्छा, असं म्हणाला. त्याला कुरियननं बाहेर काढलं.

तीनला बारा मिनिटं असताना नवव्या कागदावर शिक्का बसला. नासिरनं ते गठ्ठ्यानं हातात घेतले, एकेक वाचले आणि यादीतल्या नऊ खुणा एकेक करून खोडल्या. माझ्या बायकोचा पासपोर्ट परत देताना त्यानं तिला मान लववली. मग मला जवळ बोलावलं.

‘म्हणजे एकच बाई,’ तो म्हणाला.

‘एकच.’

‘लग्नानंतर तिचं नाव बदललं.’

‘हो.’

‘आणि तुझं?’

मी म्हणालो, माझं नाही बदललं. त्यानं समजूतदारपणे मान हलवली आणि फाटक उघडायला सांगितलं.

आम्ही जवळजवळ धावतच चढलो. जगदाळेसाहेब शेवटी आले, दोन बॅगा आणि लेटरहेडचा गठ्ठा घेऊन. बायका पुढे गेल्या, पुरुष मागे राहिले. खलाशांनी पाणी आणि पुऱ्या वाटल्या. आमच्यातला एक जण आपल्या बायकोला काहीतरी विचारत होता आणि ती त्याला पुरी खायला सांगत होती.

जहाज धक्क्यापासून सुटलं तेव्हा माझी बायको एकटीच कठड्याला टेकून उभी होती. गाव मागे सरकत होतं. फॅक्टरीचं धुराडं दिसत होतं, आणि त्याच्या डाव्या हाताला धूर, तो धुराड्याचा नव्हता. मी तिच्या मागे दोन पावलांवर जाऊन थांबलो. अठरा वर्षांच्या संसारात या बाईला काय म्हणायचं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

‘द्वारका,’ मी म्हणालो.

ती समुद्राकडे बघत राहिली. इंजिनाचा आवाज मोठा होता. मी थोडा वेळ वाट बघितली, मग घसा साफ केला.

‘मृण्मयी.’

‘काय?’ ती वळली.

‘काही नाही. मगाशी एकदा हाक मारली होती. ऐकू आली नसेल.’

‘आली की,’ ती म्हणाली. ‘म्हटलं, दुसऱ्यांदा मारताय का बघू.’